सात निगेटिव्ह रिपोर्ट आणि आठव्याची घाई: एचआयव्हीच्या भीतीचं नाशिकमधलं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून नाव, वय, नोकरी असे तपशील बदलले आहेत. एकसारख्या एकाहून अधिक प्रकरणांतले तपशीलही इथे एकत्र आणले आहेत.

पार्श्वभूमी

प्रशांत, वय २९. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर सेटर. सिडकोत आई-अप्पांजवळ राहतो. मोठी बहीण इंदिरानगरला दिलेली, तिची मुलगी चार वर्षांची. जूनमध्ये साखरपुडा झाला. मुलगी निफाड तालुक्यातली, लग्न डिसेंबरात धरलेलं. पावसाळा लागला की हा ढोल पथकाच्या सरावाला जाणार, हे गेली सहा वर्षं ठरलेलं.

जुलैच्या शेवटी कंपनीच्या कामासाठी चौघे जण परगावी गेले. रात्री दारू झाली आणि त्यानंतर एका मसाज पार्लरमध्ये शरीरसंबंध आला. एकदाच, योनिमार्गाने. कंडोम सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता, फाटला नाही, नंतर त्याने स्वतः तपासूनही पाहिला. समोरच्या बाईला एचआयव्ही आहे की नाही, ते माहीत नाही. हा दिवस शून्य. पुढचे सगळे दिवस इथून मोजले आहेत.

धोका किती होता, ते आधीच सांगून टाकू. जोडीदार नक्की बाधित आहे, उपचारावर नाही आणि कंडोमही नाही, अशा स्थितीत योनिमार्गातल्या संबंधातून पुरुषाला लागण होण्याचा अंदाज दर १०,००० संबंधांमागे सुमारे ४ असा धरतात. इथे जोडीदाराची लागण अनिश्चित आणि कंडोम शाबूत, म्हणजे हा आकडा आणखी कितीतरी खाली येतो. शून्य कुणी म्हणणार नाही, पण झोप उडवण्याएवढा तो नाही. झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. साखरपुड्याला दोन महिनेही झाले नव्हते. ‘मी जे केलं त्याची शिक्षा होणारच’ हे वाक्य पहिल्या आठवड्यापासून त्याच्या डोक्यात होतं. पुढे प्रत्येक लक्षणाचा अर्थ त्याने या वाक्याच्या उजेडात लावला.

भीती कशी वाढत गेली

सहाव्या दिवशी रात्रपाळीत मोबाइलवर वाचताना त्याला ‘पेप’ हा शब्द सापडला. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायच्या आणि २८ दिवस घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्या. आपल्याकडे सरकारी व्यवस्थेत त्यासाठी टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर एकत्र असलेली गोळी दिवसाला एक देतात. पहिली गोळी जितकी लवकर तितकी चांगली, त्यामुळे सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं असतं. प्रशांतचे ७२ तास उलटून गेले होते. तो वेळेत गेला असता तरी, कंडोम शाबूत असताना, डॉक्टरांनी बहुधा गोळ्या दिल्या नसत्या. पण ‘संधी हुकली’ एवढंच त्याच्या मनात राहिलं.

नवव्या दिवशी पहिली चाचणी. निगेटिव्ह आली, पण नवव्या दिवशीच्या कार्ड टेस्टला काडीची किंमत नाही. ती अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं, शोधते आणि तेवढ्यात अँटिबॉडी तयारच होत नाहीत. रिपोर्ट देताना हे त्याला कुणी सांगितलं नाही. ते त्याने घरी येऊन वाचलं आणि ‘निगेटिव्ह म्हणजे काहीच नाही’ असा धडा घेतला. तो धडा त्याने पुढे खऱ्या निगेटिव्ह रिपोर्टांनाही लावला.

सतराव्या दिवशी ताप आला. १०१, घसा दुखतोय, अंग मोडून आलंय. ऑगस्टचा मध्य, नाशिकमध्ये घरोघरी हेच चालू. डेंग्यूची एनएस१ निगेटिव्ह, प्लेटलेट १ लाख ६० हजार, चौथ्या दिवशी ताप उतरला. पण एचआयव्हीची सुरुवातीची लक्षणं साधारण दोन ते चार आठवड्यांत दिसतात, हे त्याने वाचलेलं. सतरावा दिवस त्यात अगदी चपखल बसला. सिडकोतल्या फॅमिली डॉक्टरांना त्याने अर्धवट सांगितलं. ते म्हणाले, “काही होणार नाही, डोक्यातून काढून टाक.” आठवड्याने दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं, “खात्रीसाठी सहा महिन्यांनी परत करून घे.” एकाने दार लोटून घेतलं, दुसऱ्याने सहा महिने उघडं ठेवलं. दोघांचाही हेतू वाईट नव्हता.

सात चाचण्यांचा हिशेब

दिवस ९: कार्ड टेस्ट, सिडको. नॉन-रिअॅक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह.
दिवस २३: चौथ्या पिढीची चाचणी, नाशिकरोड. नॉन-रिअॅक्टिव्ह, ०.११.
दिवस ३०: चौथी पिढी, देवळाली कॅम्प. नॉन-रिअॅक्टिव्ह, ०.१९.
दिवस ३४: आरएनए पीसीआर, म्हणजे रक्तात थेट विषाणू शोधणारी चाचणी. विषाणू आढळला नाही.
दिवस ४६: चौथी पिढी, सिन्नर. नॉन-रिअॅक्टिव्ह, ०.२७.
दिवस ५२: कार्ड टेस्ट. नॉन-रिअॅक्टिव्ह.
दिवस ५८: चौथी पिढी. नॉन-रिअॅक्टिव्ह, ०.१६.

खर्च पावणेनऊ हजारांच्या आसपास.

यातले दशांश नीट पाहायला हवेत, कारण निम्मी भीती त्यांत आहे. चौथ्या पिढीची चाचणी एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ च्या अँटिबॉडी आणि त्याशिवाय पी२४ हे विषाणूचं प्रथिन शोधते. यंत्र नमुन्यातून आलेला संकेत मोजतं आणि त्याला ठरावीक उंबरठ्याने भागतं. उत्तर १.०० च्या खाली आलं की नॉन-रिअॅक्टिव्ह. ०.११ आणि ०.२७ यांत वैद्यकीयदृष्ट्या काही फरक नाही. तो यंत्राचा, किटचा, त्या दिवशीच्या कॅलिब्रेशनचा किरकोळ चढउतार आहे. शिवाय लॅब वेगळी, यंत्र वेगळं, मग ते आकडे एका रेषेत मांडताच येत नाहीत. प्रशांतने मांडले. सीएनसीवर रोज मायक्रॉनमध्ये मोजमाप घेणारा माणूस, त्याला ०.११, ०.१९, ०.२७ मध्ये ट्रेंड दिसला. एक्सेलमध्ये आलेख काढून ‘१ कधी ओलांडणार’ याची तारीखसुद्धा त्याने काढली होती. अठ्ठावन्नाव्या दिवशी आकडा ०.१६ वर उतरला, तेव्हा निष्कर्ष काय, तर प्रतिकारशक्तीच संपत चालली म्हणून अँटिबॉडी कमी झाल्या. आकडा चढो की उतरो, अर्थ एकच.

दुसरी गाठ त्याने स्वतःच मारून घेतली. ओळख नको म्हणून चार लॅबमध्ये चार नावं दिली. एकीकडे आडनाव बदललं, एकीकडे चक्क मित्राचं नाव. महिन्याभरात प्रश्न उभा राहिला: हा रिपोर्ट माझाच कशावरून? खोट्या नावाचा रिपोर्ट पुरावा म्हणून त्याला स्वतःलाच पटेना.

ज्याला धड तर्काने पाहायचं आहे, त्याला तेविसाव्या दिवसाचा एकच रिपोर्ट बरंच सांगून जातो. सतराव्या दिवसाचा ताप जर एचआयव्हीचा असता, तर त्या सुमारास रक्तात विषाणू भरपूर असतो, आणि सहा दिवसांनी केलेल्या चौथ्या पिढीच्या चाचणीत तो बहुतेक वेळा सापडतोच. चौतिसाव्या दिवसाच्या पीसीआरने उरलीसुरली शंकाही जवळपास मिटवली होती.

आणि गंमत अशी, की एचआयव्हीच्या सात चाचण्या झाल्या, पण सिफिलिसची व्हीडीआरएल नाही, कावीळ बी नाही, कावीळ सी नाही. अशा संबंधानंतर या तिन्हींचा विचार खरं तर व्हायला हवा. भीती जिथे बोट दाखवते तिथेच सगळे पाहतात, डॉक्टरही.

अंगावरचे पुरावे

मोबाइलच्या गॅलरीत जिभेचे तीनशेच्या वर फोटो निघाले. बाथरूममध्ये टॉर्च लावून, रोज सकाळ-संध्याकाळ, आठवड्यानुसार फोल्डर केलेले. जिभेवर पांढरा थर होता हे खरं. जेवण कमी, पाणी कमी, तोंड कोरडं, वर रात्रपाळीत गायछाप. इतक्या भांडवलावर कुणाचीही जीभ पांढरी होते. एचआयव्हीमुळे तोंडात बुरशी धरते ती बहुधा प्रतिकारशक्ती बरीच ढासळल्यावर, लागणीनंतर काही वर्षांनी. पाचव्या आठवड्यात तिची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

जबड्याखाली उजवीकडे वाटाण्याएवढी गाठ. मऊ, बोटाखाली सरकणारी. अशी गाठ कितीतरी निरोगी माणसांना चाचपून लागते. तो दिवसात चाळीसेक वेळा दाबत होता. इतकं दाबल्यावर ती दुखणारच, आणि दुखते म्हणून आणखी दाबायची.

वजन ६९ वरून ६३. कारण साधं: ताटावर बसायचा आणि दोन घास खाऊन उठायचा. पण कारण माहीत असूनही जिमच्या काट्यावर रोज उभं राहणं सुटलं नाही.

ढोल पथक त्याने मनगट दुखतंय सांगून सोडलं. खरं कारण टिपरू. सरावात हाताला फोड येतात, फुटतात, टिपऱ्याला रक्त लागतं आणि तेच टिपरू पुढचा उचलतो. घरात टॉवेल वेगळा केला, नेलकटर वेगळं केलं, दाढी करताना कापलं तर बेसिन डेटॉलने धुवायला लागला. भाचीला उचलणं बंद झालं. एचआयव्ही कडेवर घेतल्याने, ताटात जेवल्याने, टॉवेलने पसरत नाही हे त्याला विचारलं असतं तर त्याने पाठ म्हणून दाखवलं असतं. माहितीची कमतरता या प्रकरणात कुठेच नव्हती. दिवसाला तीन तास तो तीच गोळा करत होता.

शेवटी भाचीच बोलली. “मामा मला कडेवर घेत नाही.” ताईने त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि म्हणाली, “पशा, काय ते सांग. नाहीतर मी अप्पांना फोन लावते.” त्याने सांगितलं. तिने शिव्या दिल्या, रडली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीत, आली. दिवस ६२.

पहिली भेट

आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि चाचणीचं सरकारी केंद्र. चाचणी मोफत, आधी आणि नंतर समुपदेशन, संमती घेऊनच. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. प्रशांत खोटं नाव सांगण्याच्या तयारीनेच आला होता. हे ऐकल्यावर त्याने खरं नाव सांगितलं. पुढच्या सगळ्याचा पाया तिथे पडला, कारण इथला रिपोर्ट त्याला ‘माझा नाही’ म्हणता येणार नव्हता.

समुपदेशक बाईंनी सातही रिपोर्ट टेबलावर तारखेने लावले. मग चाचणीचं नाव न काढता विचारलं, “समजा आज केली आणि निगेटिव्ह आली. किती दिवस पुरेल तुम्हाला?”

बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, “चार दिवस. जास्तीत जास्त आठवडा.”

आमच्या मते या प्रकरणाचं निदान या उत्तरात होतं, रक्तात नव्हतं.

‘मेलेलं बरं असं वाटतं का’ हेही त्याच भेटीत सरळ विचारलं. कधीकधी वाटतं, पण काही ठरवलेलं नाही, असं तो म्हणाला. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या आणि ताईच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये तिथेच सेव्ह केला. एचआयव्हीच्या माहितीसाठीचा १०९७ त्याच्याकडे आधीच होता. तो जरा जास्तच वापरून झाला होता.

कोणते पर्याय होते

पहिला, आज लगेच आठवी चाचणी. त्याची हीच मागणी होती. सोपं, मोफत, अर्ध्या तासाचं काम. पण चार दिवस पुरणारं औषध सात वेळा देऊन झालं होतं.

दुसरा, चाचणीला साफ नकार. वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा म्हणता आला नसता. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या चाचणीला ४५ दिवस पुरेसे धरतात आणि छेचाळिसाव्या, अठ्ठावन्नाव्या दिवशीचे त्याचे रिपोर्ट त्यात बसत होते. पण आयसीटीसीत कार्ड टेस्टसाठी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगायची पद्धत आहे. कोणी ४५ दिवस म्हणतं, कोणी तीन महिने, आणि जुन्या पिढीच्या किटच्या काळातले सहा महिने अजूनही काहींच्या तोंडी आहेत. हे तिन्ही आकडे आपापल्या चाचणीपुरते खरे होते किंवा आहेत. भेदरलेल्या माणसाला मात्र त्यातला सगळ्यात लांबचाच ऐकू येतो. नकार दिला असता तर तो थेट दुसऱ्या लॅबमध्ये गेला असता.

तिसरा, मानसोपचार सुरू करायचे आणि चाचणीचा विषयच काढायचा नाही. यावर थोडा वेळ विचार झाला. अडचण अशी की ‘माझं नक्की काय ते ठरलंच नाही’ ही पळवाट उपचारातल्या प्रत्येक पायरीवर त्याला मोकळी राहिली असती.

चौथा, चाचणी करायची, पण एकच, आधी तारीख लिहून, आणि तिच्यानंतर या घटनेपुरता विषय बंद. दरम्यान उपचार चाचणीची वाट न पाहता आजपासून. हाच घेतला.

काय केलं

एका कागदावर चार ओळी लिहिल्या. चाचणीची तारीख: दिवस ९१. जागा: हेच केंद्र. नाव: खरं. शेवटची ओळ: ‘जुलैच्या घटनेसाठी यानंतर चाचणी नाही.’ खाली त्याची आणि बाईंची सही. कागद त्याच्या पाकिटात, झेरॉक्स ताईकडे. जुने सात रिपोर्ट ताईने कपाटात ठेवले. फाडले नाहीत. फाडले असते तर ‘त्यात नक्की काय लिहिलं होतं’ हा नवा उद्योग सुरू झाला असता. व्हीडीआरएल आणि दोन्ही काविळींच्या तपासण्या त्याच दिवशी झाल्या, तिन्ही निगेटिव्ह. कावीळ बीच्या लसीचा पहिला डोस घेतला. दुसरा एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी.

मानसोपचार ओपीडीत डॉक्टरांनी लगेच शिक्का मारला नाही. आजाराच्या भीतीचा विकार म्हणायला डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार सहा महिने व्हावे लागतात, इथे दोनच झाले होते. टॉवेल आणि डेटॉल पाहता ओसीडीही, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकारही, शक्य होतं. तात्पुरतं निदान चिंताविकाराचं, ओसीडीवर लक्ष ठेवायचं, असं लिहिलं. हेल्थ अँग्झायटीची, म्हणजे आजाराच्या भीतीची, १४ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतून तोंडी विचारली. ४२ पैकी ३१ आले. तोंडी भाषांतर करून काढलेल्या आकड्याला फार वजन देऊ नये. पुढे तुलना करायला मात्र तो कामी आला. नैराश्याच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवर २७ पैकी १३.

गोळी एस्सिटालोप्रॅम, ५ मिलिग्रॅम सात दिवस, मग १०. झोपेसाठी क्लोनाझेपामचा विचार झाला आणि सोडला. सवय लागण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे पहाटे सहाच्या पाळीला फिरत्या मशीनसमोर पेंग नको. मळमळ, जुलाब, अस्वस्थता पहिले दहा-पंधरा दिवस वाढू शकते, परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, वीर्यपतन लांबू शकतं, असं सगळं आधी सांगितलं. शेवटचं मुद्दाम, लग्न तोंडावर होतं म्हणून. तरी पाचव्या दिवशी जुलाब झाले आणि त्याने गोळ्या बंद केल्या, कारण जुलाब हे त्याच्या यादीतलं लक्षण होतं. चार दिवस कुणाला पत्ता नाही. ताईने पट्टीतल्या गोळ्या मोजल्या म्हणून कळलं. पुन्हा ५ पासून सुरुवात.

मानसशास्त्रज्ञांकडे दर शनिवारी एक, अशी १२ सत्रं ठरली. सुरुवात वहीपासून. रोज चार आकडे: गाठ किती वेळा दाबली, जिभेचे फोटो किती, शोधाशोध किती मिनिटं, ताईला किती वेळा विचारलं. पहिल्या आठवड्याच्या एका पानावर ४१, १२, १८५, २६ असं लिहिलेलं आहे.

ताईचं काम सगळ्यात अवघड होतं. रात्री साडेबाराला ‘ताई काही नाही ना होणार’ असा मेसेज आला की ‘नाही रे राजा’ म्हणायचं नाही. एकच ठरलेलं उत्तर द्यायचं: ‘याचं उत्तर आपण कागदावर लिहिलंय. उद्या चहाला ये.’ तिला हे क्रूर वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात ती एकदा फुटली आणि अर्धा तास त्याला समजावत बसली. दुसऱ्या दिवशी विचारण्याचा आकडा ९ वरून २३. वहीत हे दिसल्यावर मात्र ती पुन्हा ढळली नाही.

एक प्रयोग फार उपयोगी पडला. सत्रात त्याला पाच मिनिटं फक्त घशाकडे लक्ष द्यायला सांगितलं. पाच मिनिटांनी घसा कोरडा, खरखरीत, गिळताना काहीतरी अडकतंय असं. मग पाच मिनिटं त्याला मशीनचं सेटिंग समजावून सांगायला लावलं. टूल ऑफसेट सांगताना घसा विसरला. लक्षण खोटं होतं असं कुणी म्हटलं नाही. नुसत्या लक्ष देण्याने ते केवढं मोठं होतं, ते त्याने स्वतः पाहिलं.

पुढे पायऱ्या. गाठ दाबायची इच्छा झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग वीस, मग तासभर. लॅबवरून चालत जायचं, आत जायचं नाही. टॉवेल एकच. ‘मला एचआयव्ही असूही शकतो, मला शंभर टक्के कधीच कळणार नाही’ हे वाक्य रोज दहा वेळा वहीत लिहायचं, आणि खाली ‘पण रिपोर्ट निगेटिव्ह आहेत’ असं लिहायची बंदी. याला तो सगळ्यात जास्त चिडला. भाचीला कडेवर घ्यायचं, दाढीला कापलेलं असलं तरी. हे नवव्या आठवड्यात जमलं.

एक्क्याण्णवावा दिवस आणि त्यानंतर

दिवाळीच्या तोंडावर, ठरल्या तारखेला, ठरल्या जागी चाचणी झाली. नॉन-रिअॅक्टिव्ह. कार्ड टेस्टला दशांश नसतात, त्यामुळे कुरतडायला काही उरलं नाही. सुटका वाटली, नऊ दिवस. चार नाही, नऊ. दहाव्या दिवशी ‘एचआयव्ही-२ असेल तर’ आलं. या किट दोन्ही प्रकार पकडतात हे त्याला ठाऊक होतं. ताईला त्याने विचारलं नाही, वहीत लिहिलं.

डिसेंबरचं लग्न पुढे ढकलण्यावर दोन सत्रं गेली. मानसशास्त्रज्ञांचं मत ढकलू नये असं होतं, कारण टाळणं म्हणजे भीतीला दिलेली सवलत. डॉक्टरांचं मत उलट: वजन भरलेलं नाही, गोळीचा परिणाम जेमतेम सुरू, त्यात लग्नाची धावपळ. शेवटी ढकललं, पण तारीख घेऊनच. मे महिना.

मुलीला सांगायचं का, हा प्रश्न त्याहून चिवट. जुलैतलं सगळं सांगून टाकायची त्याला घाई झाली होती. त्याला एकच विचारलं: तिला कळायला हवं म्हणून सांगणार, की तिने ‘काही नाही होत’ म्हणावं म्हणून? तो म्हणाला, दुसरं. मग थांबायचं ठरलं. जानेवारीत सोमेश्वरला फिरायला गेले तेव्हा चिंतेच्या आजाराची गोळी चालू आहे, आजारपणाची भीती वाटते, एवढं त्याने सांगितलं. बाकीचं कधी, किती, हा निर्णय त्याचा. उपचार करणाऱ्यांमध्येही यावर एकमत नव्हतं.

डिसेंबरात तो एकदा घसरला. दुसऱ्या कुणाच्या लग्नासाठी संभाजीनगरला गेला असताना गुपचूप एका लॅबमध्ये चाचणी केली. तीन आठवडे लपवलं, मग सत्रात सांगितलं. कुणी रागावलं नाही. वहीत त्या आठवड्याचे आकडे पाहिले: चाचणीच्या आधी गाठ दाबणं दिवसाला ३, नंतरच्या आठवड्यात १४. निगेटिव्ह रिपोर्टनंतर तपासणं वाढलं, हे त्याच्याच अक्षरात होतं.

फेब्रुवारीत मुलीच्या मामांनी दोन्हीकडून लग्नाआधीची एचआयव्ही चाचणी मागितली. आता कागदावरची शेवटची ओळ पाळायची की ही चाचणी करायची? विचार असा झाला की ही मागणी भीतीची नाही, बाहेरून आली आहे, आणि ‘मी करणार नाही’ म्हणणं हेही एक टाळणंच ठरेल. दोघांची संमती असेल तरच, दोघांनी मिळून, आयसीटीसीत, एकदाच. झाली. दोघांची निगेटिव्ह. आदल्या रात्री तो झोपला नाही. नंतर मात्र गाठीचा आकडा वाढला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

नवव्या दिवशीच्या लॅबने ‘ही चाचणी फार लवकर आहे, अमुक तारखेला या’ एवढं रिपोर्टच्या पाठीमागे लिहिलं असतं, तर पुढच्या सहांपैकी निदान चार वाचल्या असत्या. पहिल्या डॉक्टरांनी धीर देण्याऐवजी तारीख द्यायला हवी होती.

आयसीटीसीकडून झालेली चूकही सांगायला हवी. बासष्टाव्या दिवशी हातात जे रिपोर्ट होते ते पुरेसे होते. एक्क्याण्णवावा दिवस ठरवल्याने त्याला आणखी एक महिना ‘अजून ठरलं नाही’ म्हणायला जागा मिळाली. कागदावर ‘आजच्या माहितीवर उत्तर निगेटिव्ह आहे, दिवस ९१ केवळ केंद्राच्या पद्धतीप्रमाणे’ अशी ओळ असायला हवी होती. ती नव्हती.

ताईवर फार भार पडला. तिच्यासाठी वेगळं एक सत्र पहिल्याच आठवड्यात ठेवायला हवं होतं. ते सातव्या आठवड्यात झालं. आणि गोळीने जुलाब होतील हे सांगताना ‘त्या दिवशी तुम्हाला नेमकं काय वाटेल’ हे विचारलं असतं, तर पाचव्या दिवसाचा अंदाज आधीच बांधता आला असता.

सध्या

मार्चमध्ये प्रश्नावलीवर ३१ चे १४ झाले, पीएचक्यू-९ वर ४. वजन साडेसदुसष्ट. गोळी १० मिलिग्रॅमच चालू आहे. बरं वाटल्यावर निदान सहा महिने ते वर्षभर चालवून मगच हळूहळू कमी करायची आहे. ढोल पथकात नाव पुन्हा घातलंय.

शेवटची पायरी त्याने स्वतः सुचवली, रंगपंचमीची रहाड. जुन्या नाशकात पेशवाईपासूनचे हे दगडी हौद. एरवी मातीखाली बुजलेले असतात, रंगपंचमीला उघडतात, आणि त्या एकाच रंगाच्या पाण्यात गाव धप्पा मारतं. कुणाचं खरचटलेलं असतं, कुणाचं फुटलेलं. असं पाणी एचआयव्ही पसरवत नाही, हे तोंडपाठच होतं. तिवंधा चौकात त्याने दोनदा उडी मारली. दुसऱ्यांदा भावजींना ओढून.

त्या रात्रीचं वहीचं पान रंगाने पिवळं झालेलं आहे. आकडे: गाठ १, फोटो ०, शोधाशोध १५ मिनिटं, ताईला ०.